मौनात मांडलेला ठराव

टँकर वेळेवर आला होता, आणि मनोरमाबाईंच्या लेखी त्या शनिवारी जगात याहून मोठी बातमी नव्हती.

“बघा,” त्या स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, “जितूनं एक फोन केला आणि गाडी गेटवर हजर. तुमच्या कमिटीनं इतकी वर्षं काय केलं? नुसते ठराव!”

“त्या कमिटीत मीही होतो,” कृष्णा आंबेरकर म्हणाले. ते ओट्यापाशी उभे राहून कोलंबी सोलत होते. तहसील कार्यालयातून निवृत्त झाल्यापासून हे एक खातं त्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं.

“म्हणून तर तुम्हालाच सांगते. या देशाला एक कडक माणूस पाहिजे. दहा वर्षं द्या त्याच्या हातात. मग घ्या खुशाल निवडणुका.”

“आणि मध्येच तो नकोसा झाला, तर त्याला घरी कोण पाठवणार? तू?”

“लग्न झाल्यापासून तुम्हाला एकदासुद्धा वेळेवर घरी आणता आलं नाही मला, त्याला कुठून पाठवू!”

टेबलाशी पेपर वाचत बसलेली ज्ञानदा हसली. ही त्यांची एकुलती एक मुलगी, वसईतल्याच एका कॉलेजात ग्रंथपाल. हा वाद तिनं इतक्यांदा ऐकला होता की त्यात पडायची गरज तिला वाटत नसे. आईनं तेच म्हणायचं, बाबांनी कोपरखळी मारायची, मग चहा.

‘एक कडक माणूस पाहिजे’ हे वाक्य तुमच्याही घरात कुणी ना कुणी म्हटलं असेल. म्हणणारी माणसं दुष्ट नसतात. मनोरमाबाई तर जिन्यातल्या मांजरीलाही उपाशी ठेवत नसत. त्या दमल्या होत्या, एवढंच. बादल्या भरून, तक्रारी करून, ‘उद्या बघू’ ऐकून माणूस दमतो. आणि दमलेल्या माणसाचं ओझं कुणी उचललं, की उचलणाऱ्याच्या दुसऱ्या हातात काय आहे हे तो पाहत नाही.

ओझं उचलणारा होता जितेंद्र राऊळ. काही वर्षांपूर्वी तो आंबेरकर राहत त्या मांगल्य संकुलात राहायला आला आणि कोपऱ्यावर त्यानं व्यायामशाळा काढली. आधी टँकर आणले, मग बंद पडलेले दिवे लावून घेतले, मग एक मोटारसायकल चोर पकडून दिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर गेटवर करड्या टी-शर्टातली मुलं उभी राहू लागली, छातीवर ‘अभेद्य दल’ अशी अक्षरं. पाचूबंदरहून मासळी घेऊन येणाऱ्या बेलाला आत यायला पास लागू लागला. कोणत्या आडनावाला घर भाड्यानं द्यायचं नाही, हे तोंडी ठरलं. तळमजल्यावरचं एक कुटुंब एका सकाळी सामान टेम्पोत भरून निघून गेलं. त्या दिवशी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण कुठं चाललात, असं कुणी विचारलंही नाही.

चहा उकळत होता तोवर जितेंद्रच आला. चपला बाहेर काढून, वाकून नमस्कार करून.

“काकू, पाणी पुरलं ना?”

“पुरलं रे बाबा. बस, चहा घे.”

तो बसला. “काका, तुमचा एक शब्द पाहिजे होता. आपल्या संकुलाची निवडणूक आलीय. ती तूर्त नको, असं सगळ्यांचं मत पडलंय. तुम्ही जुनी माणसं. तुम्ही सभेत हो म्हणालात की प्रश्न मिटला.”

“तूर्त म्हणजे कधीपर्यंत?”

“शिस्त लागेपर्यंत.”

“ती लागली हे कोण ठरवणार?”

जितेंद्र हसला. “काका, तुम्ही अजून ऑफिसातून घरी आलाच नाहीत.”

“बघा, तोही तेच म्हणतो,” मनोरमाबाई म्हणाल्या.

“असेल. पण मला सांग जितू, तुझ्या दलाचे ते सरसेनापती आहेत ना, त्यांना कोण निवडतं?”

“निवडायचं काय त्यात? ते आहेतच.”

“आणि चुकले तर?”

“ते चुकत नाहीत.”

“मग लग्न झालेलं नसणार त्यांचं.”

मनोरमाबाईंनी तोंडाला पदर लावला. जितेंद्रही हसला, पण त्याचा कप बशीत जरा जोरानं टेकला.

“करा चेष्टा. पण शहराची निवडणूकही जवळ आलीय. या वेळी निकाल उलटा लागला, तर आम्ही गप्प बसणार नाही. मोजणीच्या जागेचं फाटक धरायचं. आतले आत, बाहेरचे बाहेर. आणि फक्त इथं नाही काका. वरून सांगितलंय, आधी शहरं, मग राज्य, मग दिल्ली. लोक सकाळी उठतील तेव्हा सगळं हातात आलेलं असेल.”

“याला उठाव म्हणतात, जितू. लोकांनी निवडलेलं सरकार उलथून टाकणं म्हणतात.”

“उठावाला बंदुका लागतात काका. आमच्याकडे शिट्ट्या आहेत.”

बाबांनी हात धुतले, पुसले आणि ते त्याच्या समोर येऊन बसले. “ऐक. फार वर्षांपूर्वी चांदीपच्या बाजूला एका ग्रामपंचायतीच्या मोजणीला होतो मी. दोघांना सारखी मतं पडली. नियमाप्रमाणे चिठ्ठी काढली. ज्याची निघाली नाही, तो जागच्या जागी बसून राहिला. बाहेर त्याची माणसं काठ्या घेऊन उभी. मग तो उठला, कागदावर सही केली, बाहेर आला, आपली स्कूटर चालू केली आणि जिंकलेल्याला म्हणाला, ‘चल, मागं बस. एकाच गावात जायचंय.’ घेऊन गेला त्याला! जितू, मतदान घेणं मोठं नाही. हरलेला माणूस मुकाट्यानं घरी जातो, त्याच्यावर हा देश चाललाय.”

“म्हणजे तुमचा शब्द नाही?”

“नाही. आणि सभेला येऊन मी विरोधात बोलणार.”

जितेंद्र उठला. त्यानं कप स्वतः मोरीत नेऊन ठेवला. दारात चपला घालताना म्हणाला, “काकू, उद्या दुपारी गेटवर सराव आहे. शिट्टी होईपर्यंत गाड्या आत-बाहेर नाहीत. कुठं जायचं असेल तर आधीच जाऊन या.”

“आम्ही कुठं जाणार रे या वयात!” मनोरमाबाई म्हणाल्या.

कोलंबीचं कालवण थोडं खारट झालं होतं. बाबांनी तसं सांगितलं आणि पुन्हा वाढून घेतलं. जेवणानंतर त्यांनी पेपरातलं शब्दकोडं अर्धवट सोडवून ठेवलं. त्या दिवसातलं काही जपून ठेवावं असं कुणाच्या मनात आलं नाही. साधे दिवस असेच जातात, निरोप न घेता.

रविवारी दुपारी बाबा खुर्चीतून उठले आणि लगेच परत बसले. कपाळावर घाम होता. “काही नाही, पित्त झालं असेल,” ते म्हणाले. पण त्यांचा हात छातीवरून हलेना. ज्ञानदानं समोरच्या फ्लॅटचं दार वाजवलं. तिथं ॲडव्होकेट कार्मिन लोपीस राहत. वसईच्या कोर्टात त्यांची वकिली. त्यांनी काही विचारलं नाही, गाडीची किल्ली घेतली. बाबांना दोघींनी धरून खाली आणलं. बाबांच्या तपासण्यांचे कागद घेऊन, घर बंद करून, मनोरमाबाई रिक्षानं मागून येणार होत्या.

गाडी गेटशी आली. लोखंडी फाटक बंद होतं. त्याच्यापुढं हातात हात अडकवून मुलांची साखळी उभी होती.

कार्मिननी हॉर्न वाजवला. साखळीतून एक मुलगा खिडकीशी आला. हा आयुष, दुसऱ्या मजल्यावरच्या स्वप्नाचा मुलगा. दहावीच्या वर्षी बाबांनी त्याला गणित शिकवलं होतं. आता तो कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होता.

“आयुष, फाटक उघड. बाबांना हॉस्पिटलला न्यायचंय.”

“ताई, ऑर्डर आहे ना. शिट्टी झाल्याशिवाय नाय उघडता येणार.”

“अरे, बघ तरी त्यांच्याकडे!”

त्यानं पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. “जितूदादांना विचारतो,” म्हणत त्यानं फोन लावला. फोन बंद होता. सरावाचा नियमच तसा होता: खऱ्या दिवशी फोन चालणार नाहीत असं धरून वागायचं. “दादा मागच्या फाटकावर आहेत. मी पळत जाऊन येतो.”

“जागा सोडायची नाय!” साखळीतला दुसरा ओरडला. त्यानं गाडीच्या काचेकडे बोट दाखवलं. “आणि हिच्या गाडीला दलाचा स्टिकर पण नाय. मुद्दाम आलीय सराव मोडायला.”

कार्मिन खाली उतरल्या. त्या ओरडल्या. त्यांनी कायदा सांगितला. मग त्यांनी हात जोडले. वर बाल्कन्यांत माणसं उभी होती. कुणी टॉवेल वाळत घालता घालता थांबलं होतं, कुणी लहान मुलाला आत ढकलत होतं. जिना कुणी उतरलं नाही.

मागच्या सीटवर बाबांचं डोकं ज्ञानदाच्या मांडीवर होतं. ते फाटकाकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्य होतं. आता कुणीतरी म्हणेल, ‘अरे, उघडा रे,’ याची ते वाट पाहत असावेत.

मग शिट्टी झाली. फाटक उघडलं. किती वेळ गेला होता, ते ज्ञानदाला नंतर कधीच नीट सांगता आलं नाही. मनोरमाबाई कागद शोधून खाली आल्या, तेव्हा गेट उघडंच होतं. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर ज्ञानदाला म्हणाले, “उशीर झाला. थोडं आधी आणलं असतं तर प्रयत्न करता आला असता.”

पुढचं सगळं जितेंद्रनं केलं. शववाहिनी, हार, स्मशानातली व्यवस्था, गावाहून आलेल्या नातेवाइकांचं जेवण. कुठं काही कमी पडलं नाही. मनोरमाबाईंचे हात हातात घेऊन तो म्हणाला, “काकू, आमचा सराव चालू होता, पण गाडी दिसल्याबरोबर मुलांनी गेट उघडलं. देवाच्या मनात नव्हतं, दुसरं काय!”

ज्ञानदा तिथंच उभी होती. ती काही बोलली नाही. आईला त्या घटकेला धरायला एक हात मिळाला होता, तो तिच्याच्यानं सोडवेना. मग भेटायला येणारे विचारू लागले, “कसं झालं?” ती सांगू लागली, “हार्ट अटॅक.” पहिल्यांदा सांगताना शब्द अडखळला. पुढं अडखळेनासा झाला.

पण खरं काय झालं ते घराला ठाऊक होतं. कुकरची शिट्टी झाली की ज्ञानदाच्या हातातून वस्तू पडे. आईला कारण कळेना. ‘तब्येत दाखवून ये,’ म्हणे. शेवटी ज्ञानदा भात पातेल्यात करू लागली. दुपारी, आई झोपल्यावर, बाबांच्या खुर्चीचा वेत करकरल्यासारखा वाटे. ती जाऊन पाही. खुर्ची जागच्या जागी असे, जरा दाराकडे वळलेली. ती कुणी वळवली, हे ती आईला विचारत नसे.

गेटशी जिथं गाडी थांबली होती, तिथं तेलाचा एक डाग पडला होता. संकुलातली माणसं तो डाग टाळून चालत. कुणी कुणाला तसं सांगितलं नव्हतं. लिफ्टमध्ये ज्ञानदा शिरली की लोक मजल्यांच्या आकड्यांकडे पाहत. आयुष अजूनही गेटवर उभा असे, पण ती दिसली की त्याला बुटाची नाडी बांधायची आठवण होई. इतक्या माणसांना एकच गोष्ट माहीत होती, आणि प्रत्येकजण ती एकट्यालाच माहीत असल्यासारखा वागत होता. भुताटकी म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

एका संध्याकाळी कार्मिन आल्या. मनोरमाबाई देवळात गेल्या होत्या. कार्मिननी खुर्चीकडे पाहिलं आणि त्या पलंगावर बसल्या.

“रविवारच्या शोकसभेत कोणता ठराव येणार आहे, माहीत आहे?”

“सभागृहाला बाबांचं नाव देणार आहेत. जितेंद्र आईला सांगून गेला.”

“एवढंच सांगितलं? मी खाली फलकावर वाचून आले. आधी श्रद्धांजली. मग सभागृहाला नाव. मग, ‘त्यांच्या इच्छेनुसार’ संकुलाची निवडणूक बेमुदत तहकूब. आणि शेवटी, शहराच्या मतमोजणीच्या दिवशी घरटी एक तरुण दलाच्या हाती. सगळं एकाच ठरावात.”

“त्यांच्या इच्छेनुसार?” ज्ञानदाला आपला आवाज ओळखू आला नाही.

“गेलेला माणूस हरकत घेत नाही. आणि शोकठरावाला ‘कुणाचा विरोध आहे का’ असं विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. उभं राहायचं, मान खाली घालायची, झाला मंजूर! इतकी वर्षं कोर्टात काढली मी, पण असली हुशारी नाही पाहिली.”

“हे कायद्यात बसतं?”

“नाही बसत. पण कायदा काय आपल्या पायानं चालत येतो? कुणीतरी ‘नाही’ म्हणावं लागतं, मग त्याला उठवता येतं. सर्वानुमते झाल्यावर मी कुणाच्या वतीनं उभी राहू?”

“तुम्ही बोला ना, कार्मिनताई.”

“बोलणार आहे. पण मी बोलले की काय म्हणतील? चर्चवाली बोलतेय. आमच्या पिढ्यान्‌पिढ्या या वसईच्या मातीत पुरल्यात, आणि काल आलेला जितू मला म्हणतो, बाहेरची!” त्या हसल्या, पण ते हसू टिकलं नाही. “तुला तसं म्हणता येणार नाही त्यांना.”

“आईला कळेल मग.”

“हो.”

“ती मोडून पडेल. तिला तेवढाच आधार वाटतो.”

“आधार आहेच. पाणी आणतो, दिवे लावतो. ते काम कमिटीचं होतं, आपण ते केलं नाही, हे आपलं पाप. पण नीट कमिटी निवडायची सोडून आपण निवडणंच सोडायला निघालोय. आणि गोष्ट आता संकुलाची राहिली नाही. ही मुलं उद्या मोजणीच्या फाटकावर उभी राहतील. आयुष उभा राहील. आत कुणाचे तरी बाबा मोजणीला बसलेले असतील. टीव्हीवर पाहिलं होतं ना, परदेशात निकाल मान्य नाही म्हणून लोक काचा फोडून संसदेत घुसले? तेव्हा आपण चहा पीत काय म्हणालो? तिकडचं आहे. अगं, तिकडंही आधी असंच झालं असणार. कुणाच्या तरी कॉलनीत, कुणाच्या तरी फाटकावर. लोक म्हणाले असतील, चांगला मुलगा आहे, मदतीला धावतो.”

“मला बाबांसारखं बोलता येत नाही.”

“नको बोलूस बाबांसारखं. झालं ते सांग.”

शोकसभेला सभागृह भरलं होतं. टेबलावर बाबांचा फोटो, त्याला निशिगंधाचा हार. भिंतीशी करड्या टी-शर्टातली मुलं हात मागं बांधून उभी होती. मनोरमाबाई पहिल्या रांगेत, शेजारी ज्ञानदा.

जितेंद्र चांगलं बोलला. काका आपल्याला कसे रागवायचे, कसे समजवायचे, काकूंच्या हातचा चहा कसा असायचा, हे सांगताना त्यानं डोळे पुसले. ते अश्रू खोटे होते असं ज्ञानदाला वाटलं नाही, आणि त्याचीच तिला भीती वाटली. मग त्यानं ठराव वाचला. श्रद्धांजली, नाव, निवडणूक, घरटी एक तरुण. सगळं एकाच सुरात, मध्ये न थांबता.

“आता सर्वांनी उभं राहून, दोन मिनिटं मौन पाळून, हा ठराव मंजूर करावा.”

खुर्च्या सरकल्या. सगळे उठले. मागच्या रांगेतून कार्मिन म्हणाल्या, “श्रद्धांजलीला मी उभी राहीन, ठरावाला नाही. ते वेगळं करा.” लोकांनी ‘श्शू’ केलं. कुणीतरी म्हणालं, “यांना आपल्या रीती काय कळणार!” त्या बसून राहिल्या.

आणि ज्ञानदाही उठली नाही.

वाचणाऱ्यांनो, सत्ता बळकावणारे नेहमीच दार फोडून येत नाहीत. ते आपली संमती मागतात; आणि नेमकी अशा वेळी मागतात, जेव्हा ‘नाही’ म्हणणं उद्धटपणाचं वाटावं. उपकार घेतलेले असतात, समोर हार घातलेला फोटो असतो, सगळे उभे असतात. एकट्यानं बसून राहायची लाज वाटते. त्या लाजेपायी एक सभागृह जातं, मग शहर, मग देश. आपल्या मताचा हक्क आपल्या हातून कुणी हिसकावला, असं आपण पुढं मुलांना सांगतो. खरं तर आपण तो मान खाली घालून दिलेला असतो!

“ऊठ गं,” मनोरमाबाई कुजबुजल्या. “तुझ्या बाबांसाठी आहे.”

“बाबांसाठी नाही, आई.”

मौनात तिचा आवाज सगळीकडे पोचला. जितेंद्रनं हळुवारपणे मान हलवली. “ताई दुःखात आहेत. समजू शकतो आपण. कुणीतरी ताईंना पाणी द्या.”

“पाणी नको!”

ज्ञानदानं आईचा हात धरला. तो थंड होता. “आई, फाटक बंद होतं. गाडी दिसल्यावर उघडलं नाही. यांनी मोजणीचं फाटक अडवायची तालीम चालवली होती, आणि शिट्टी होईपर्यंत आम्ही तिथं थांबलो होतो. बाबांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. कार्मिनताईंनी यांच्यापुढं हात जोडले. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर प्रयत्न करता आला असता. हार्ट अटॅक आला हे खरं आहे, पण बाबा फाटकाशी गेले. इथल्या कितीतरी जणांनी वरून पाहिलं. मी तुला सांगितलं नाही.”

मनोरमाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्या वळल्या. “जितू? तू तर म्हणालास, लगेच उघडलं.”

“काकू, गडबडीत कुणाला वेळेचं भान असतं? ताईंची मनःस्थिती...”

“नाय उघडलं, काकू.” भिंतीशी आयुष उभा होता. त्याचे हात आता मागं नव्हते. “मी होतो तिथं. ताई सांगत होती मला. मी पाहिलं काकांकडे. तरी नाय उघडलं.”

“आयुष!” जितेंद्र गरजला.

पण मनोरमाबाई खाली बसल्या होत्या. एवढ्या माणसांत त्या बसल्याचा आवाज झाला नाही, तरी तो सगळ्यांनी ऐकला. “माझ्या नवऱ्याच्या नावानं यातलं काही करायचं नाही,” त्या म्हणाल्या. “मीच म्हणत होते रे, कडक माणूस पाहिजे. मीच तुला चहा देत होते.”

आयुषची आई, स्वप्ना, बसली. मागं आणखी दोघं-तिघं बसले. पुष्कळ जण उभेच होते. मौन संपलं की नाही, हे न कळून फोटोकडे पाहत होते.

“एक-दोघांनी बसून ठराव पडत नाही,” जितेंद्र म्हणाला. त्याचा स्वर आता गेटवरचा होता. “मंजूर झालेला आहे. सर्वानुमते.”

तेव्हा ज्ञानदा उभी राहिली. बाबांच्या हयातीत ती एकाही सभेत बोलली नव्हती. घरातल्या त्या वादातही तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं. टेबलाशी सभेचं इतिवृत्त लिहिणारे गृहस्थ पेन वर धरून थांबले होते. ती त्यांच्याकडे वळली.

“सर्वानुमते लिहू नका. या ठरावाला माझा विरोध आहे. विरोध करणाऱ्याचं नाव लिहावं लागतं. लिहा. ज्ञानदा कृष्णा आंबेरकर.”